आतल्या गाठीचा नव्हे, आतल्या वळणाचा

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका ताईंनी विचारलंय की त्यांचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, बोलतो कमी, पण हातात आलेली गोष्ट उघडून, तपासून, कारण कळल्याशिवाय सोडत नाही. स्वभावाचा टाइप सांगणारी ऑनलाइन टेस्ट दिली तर आयएनटीजे आलं, आणि लग्नकार्यात नातेवाईक त्याला सरळ ‘आतल्या गाठीचा’ म्हणून मोकळे होतात. तर इंट्रोव्हर्टला मराठीत नेमकं काय म्हणायचं, अंतर्मुख चालेल का, आणि ॲनालिटिकलला ‘विश्लेषणात्मक’ सोडून दुसरं काही आहे का.

आधी ती गाठ सोडवू, कारण गंगापूर रोडपासून पंचवटीपर्यंत हा वाक्प्रचार चुकीचा वापरलेला ऐकून मला खरंच राग येतो. आतल्या गाठीचा म्हणजे मनात एक न् ओठावर एक, डाव लपवून ठेवणारा, वेळ आली की दाखवणारा. हे वर्णन नाही, आरोप आहे. पोरगा गप्प बसलाय कारण त्याचं वाक्य अजून डोक्यात तयार होतंय, आणि तुम्ही त्याला कपटी ठरवून श्रीखंड वाढून घ्यायला पुढे जाता! घुम्या पण नको, त्यात रुसवा आहे. माणूसघाण्याला माणसांचा तिटकारा असतो. एकलकोंड्यात मला तर कोंडणंच ऐकू येतं. आणि लाजाळू तर अजिबात नाही. लाजाळूला बोलायचं असतं पण धजत नाही, याचा धजण्याशी संबंधच नाही, हा स्टेजवर तासभर प्रेझेंटेशन देईल आणि मग अर्धा तास एकटा गच्चीत बसेल.

आता अंतर्मुख. शब्द चांगला आहे, जुना आहे. ‘हे इंग्रजीवरून पाडलेलं भाषांतर’ असं जे म्हणतात त्यांनी घरातलं ललितासहस्रनाम काढावं, ‘अन्तर्मुखसमाराध्या बहिर्मुखसुदुर्लभा’ अशी दोन नावं तिथे शेजारी शेजारी आहेत, आणि आपल्याकडे वणीच्या देवीच्या नवरात्रात ती कितीतरी घरांत म्हटली जातात. पण तिथे गोष्ट साधनेची आहे, स्वभावाची नाही. आणि आजच्या मराठीत अंतर्मुख ही तात्पुरती अवस्था झालीय, नाटकाच्या परीक्षणात शेवटी ‘प्रेक्षकांना अंतर्मुख करणारा प्रयोग’ असं असतंच. प्रयोग संपला, पार्किंगमधून गाडी काढली की प्रेक्षक परत होता तसा. ताईंचा मुलगा कुणी ‘करून’ झालेला नाहीये, तो तसाच आहे.

माझी दुसरी तक्रार मोठी आहे आणि मानसशास्त्राची पाठ्यपुस्तकं मराठीत करणाऱ्यांना ती पटणार नाही हे मला माहितीये. त्यांनी ‘मुख’ घेतलं तिथेच घोळ झाला. संस्कृतात मुख म्हणजे तोंड तसंच चेहरा, रोख पण, मराठी कानाला मात्र मुख म्हटलं की तोंडच ऐकू येतं, मुखोद्गत, मुखदुर्बळ, मुखशुद्धी. मग अंतर्मुख म्हणजे तोंड मिटलेला असा अर्थ लोकांनी लावला आणि माणूस किती बोलतो यावरून त्याचा स्वभाव मोजायला लागले. मूळ कल्पनेत बोलण्याचा संबंधच नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने १९२१ मध्ये जर्मन पुस्तकात इंट्रोव्हर्ट-एक्स्ट्राव्हर्ट ही जोडी नीट मांडली तेव्हा प्रश्न होता मनाच्या ऊर्जेची दिशा कुठली, बाहेरच्या वस्तूकडे की आतल्या विचाराकडे. दिशा! आणि ती दिशा शब्दातच आहे, कारण व्हर्ट म्हणजे लॅटिन ‘वेर्तेरे’, वळणं, आणि हा वेर्तेरे म्हणजे आपल्या संस्कृत ‘वृत्’ धातूचा सख्खा भाऊ.

इथे जरा थांबा, कारण या वृत् ची मराठीतली भावकी बघण्यासारखी आहे. वर्तन, वर्तुळ, परिवर्तन हे कुणालाही दिसतात. पण वर्तुळाचं घासून घासून झालेलं ‘वाटोळं’ पण त्याच घरातलं. ‘वाट’ ही वर्त्म, म्हणजे चाक फिरून पडलेला माग. आणि सगळ्यात आवडती म्हणजे ‘वात’. समईतली वात म्हणजे संस्कृत वर्ति, वळलेली वस्तू. कापसातली सरकी काढायची, बोटाला जरासं भस्म लावायचं आणि मांडीवर एका लयीत पुढे-मागे करत तो कापूस स्वतःभोवतीच पिळत न्यायचा, वाती ‘वळायला’ बसणाऱ्या आजीला इंट्रोव्हर्टमधला व्हर्ट समजवायला लागणार नाही, ती तो रोज हाताने करते. आणि याच वृत् पासून ‘वृत्ती’! म्हणजे ज्याला आपण स्वभाव म्हणतो त्याचं नावच मुळात ‘वळण्याची तऱ्हा’ असं आहे.

मग प्रवृत्ती, पुढे वळणं, आणि निवृत्ती, मागे वळणं. नाशिककराला हे लांबून आणायची गरज नाही, ज्ञानेश्वरांचे थोरले भाऊ आणि गुरू निवृत्तिनाथ यांची समाधी आपल्या त्र्यंबकेश्वरलाच आहे, पौष वद्य एकादशीला तिथे यात्रा भरते. एवढ्या मोठ्या शब्दाचं आपण काय केलं तर ‘सेवानिवृत्त’, पेन्शनचा कागद.

याहून पुढे जातो. कठोपनिषदाच्या चौथ्या वल्लीचा पहिलाच मंत्र घ्या. स्वयंभूने इंद्रियांची दारं बाहेरच्या बाजूला पाडली म्हणून माणूस बाहेर बघतो, आत बघत नाही, एखादाच धीर पुरुष आत बघतो आणि त्याला शब्द वापरलाय ‘आवृत्तचक्षु’. आवृत्त, दोन त, म्हणजे परत तोच वृत्, डोळे वळवलेला. संस्कृतचे जर्मन पंडित मॅक्स म्युलर यांनी १८८४ च्या इंग्रजी भाषांतरात इथे ‘डोळे मिटून’ असं केलं. माणूस केवढाही मोठा असो, इथे चुकलाय. झाकलेला तो ‘आवृत’, एक त, तो ‘वृ’ धातू वेगळा. आवृत्त डोळा मिटलेला नसतो, उघडाच असतो, फक्त त्याचा रोख बदललेला असतो. गप्प माणसाबद्दल घराघरात हीच चूक होते, त्याचं लक्ष नाही असं सगळे धरून चालतात आणि तो बारकाईने बघत असतो. अर्थात उपनिषदातलाही साधक आहे, युंगचा टाइप नाही, त्यामुळे ‘हे सगळं आपल्याकडे आधीच होतं’ असं ओरडणाऱ्यांनी यावरून फॉरवर्ड बनवू नयेत. धातू एक आहे, विषय दोन आहेत.

तर माझा शब्द: ‘आतल्या वळणाचा’. मराठीत वळण म्हणजे रस्त्याचं वळण, अक्षराचं वळण आणि माणसाला लागलेलं वळण पण, दिशा आणि स्वभाव एकाच शब्दात. वळणं हे क्रियापद वल् वरून येतं, वृत् वरून नाही, हे मान्य, पण अर्थ जुळतो आणि मुख्य म्हणजे ‘आतल्या गाठीचा’ याला तो तोंडावर उत्तर देतो. लेखी मजकुरात हवं तर ‘अंतर्मुख वृत्तीचा’ लिहा, वृत्ती शब्द सोडू नका, त्याने ती नाटकाच्या परीक्षणातली अवस्था गळून पडते.

टेस्टबद्दल थोडक्यात. ती अक्षरं कॅथरिन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स या मायलेकींनी युंगवरून बेतलेल्या पद्धतीची, चार जोड्या, सोळा टाइप. आय म्हणजे इंट्रोव्हर्जन, ते अक्षर वापरून झालं म्हणून इंट्यूशनला एन, टी म्हणजे थिंकिंग, जे म्हणजे जजिंग. पण आजचे मानसशास्त्रज्ञ असे कप्पे फारसे मानत नाहीत, ते पट्टी मानतात, बहुतेक माणसं तिच्या मधल्या भागात कुठेतरी येतात, आणि काही आठवड्यांनी परत टेस्ट दिली तर बऱ्याच जणांची अक्षरं बदलतात. म्हणून मुलाची ओळख करून देताना अक्षरं सांगू नका. मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंकने १९६७ मध्ये मांडलं होतं की आतल्या वळणाच्या माणसांचा मेंदू मुळातच जास्त जागृत असतो म्हणून गोंगाट लवकर जड होतो, वरातीतल्या डीजेपासून तो लांब का उभा राहतो हे मावशीला समजावताना याचा जास्त उपयोग होईल.

राहिलं ॲनालिटिकल. ‘विश्लेषणात्मक’ रिपोर्टला लावा, माणसाला नको. माणसाला आपल्याकडे ‘चिकित्सक’ हा नेमका शब्द आहे. चिकित्सा, जिज्ञासा, मीमांसा ही सगळी संस्कृतातली इच्छार्थक रूपं, काहीतरी करायची ओढ दाखवणारी. जिज्ञासा जाणून घ्यायची, मीमांसा विचार करून बघायची, आणि चिकित्सा नीट पारखून बघायची. काहींना चिकित्सक म्हणजे खुसपटं काढणारा वाटतो, पण त्याला मराठीत ‘किरकिऱ्या’सारखे भरपूर शब्द आहेत, त्या कामाला हा खर्च करू नये. स्थळासाठी किंवा नोकरीसाठी बायोडेटात लिहायचं असेल तर ‘अंतर्मुख वृत्तीचा, चिकित्सक’ असं लिहा ताई, फक्त कागद हिंदी पट्ट्यात जाणार असेल तर दुसरा शब्द बदला, तिकडे चिकित्सक म्हणजे डॉक्टर.