जुन्या फियाटचं काच वर-खाली करायचं हँडल नुसतंच फिरतंय. त्याच्या जागी बसणारं ओळखायचं कसं आणि पुण्यात शोधायचं कुठे?

तुम्ही लिहिलंय की गाडी 1968ची फियाट डिलाइट आहे, मागच्या डाव्या दाराचं हँडल गरगर फिरतं पण काच हलत नाही, हँडलमागची क्रोमची चकती हरवलीय, आणि 'पद्मिनीचं आहे, बसणारच' म्हणून दिलेलं हँडल काही बसलं नाही. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत आणखी चपला झिजवण्याआधी एवढंच ऐका: हँडल दिसायला कसं आहे ते नंतर, आधी त्याचं भोक बघा.

कुर्ल्यात 1964पासून बनलेली डिलाइट आणि 1974पासून पद्मिनी म्हणून विकली गेलेली गाडी ही मुळात एकच, फियाट 1100 डी. म्हणून दुकानात 'फियाटचं' म्हटलं की सगळ्या सालांचं एकाच खोक्यातून निघतं. पण अंग तेच राहिलं तरी बारीकसारीक वस्तू बदलत गेल्या, आणि मधल्या पन्नास वर्षांत कुठल्या मिस्त्रीने तुमच्या दारात काय बसवलंय ते देव जाणे. त्यामुळे पुस्तकातल्या पार्ट नंबरपेक्षा दारातून बाहेर आलेल्या खुंटीवर विश्वास ठेवा.

काच पूर्ण वर असताना बाकीच्या दारांची हँडलं कुठल्या कोनात आहेत त्याचा फोटो काढून ठेवा. मग हे हँडल काढा. जुन्या गाड्यांत साधारण तीन प्रकार सापडतात. मधोमध स्क्रू दिसला तर प्रश्नच नाही. तो नसेल तर चकती दाराच्या दिशेने दाबून धरा आणि हँडलच्या मानेत बॅटरी मारून बघा. आरपार पिन दिसली तर ती बारीक पंचने ठोकून काढायची. पिन नसेल तर घोड्याच्या नालेसारखी स्प्रिंगची क्लिप असणार. हँडलमागे सुती चिंधीची पट्टी घालून दोन्ही टोकं आलटून पालटून ओढली की क्लिप सुटते. सुटते म्हणजे उडते, म्हणून दुसऱ्या कोणालातरी हात आडवा धरायला लावा.

आता उघड्या खुंटीला कापड गुंडाळून पकडीने हळू फिरवा. काच हलली तर दोष हँडलचा. खुंटी फिरतेय आणि काच जागची हलत नाही, तर काच वर-खाली करणारं आतलं मशीन गेलंय. मग नवं हँडल आणून उपयोग नाही.

दोष हँडलचाच निघाला तर खुंटी चौकोनी आहे की दात्यांची ते पाहा. दात्यांची असेल तर घट्ट मळलेल्या कणकेचा गोळा तिच्यावर दाबा आणि उमटलेले दाते मोजा. बाहेरचा व्यास व्हर्नियर कॅलिपरने घ्या. पिन किंवा क्लिपची खाच टोकापासून किती अंतरावर आहे तेही लिहून ठेवा. दाते, व्यास, खाच: दुकानात हे तीन आकडे सांगायचे. बहुतेक जण फक्त लांबी आणि वाक जुळवतात, म्हणून फसतात.

जुनं हँडल फेकू नका. आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला कानशीने जरा घासा. पिवळं निघालं तर पितळ, राखाडी निघालं आणि चुंबक चिकटला नाही तर बहुधा जस्ताचं डायकास्ट, म्हणजे साच्यात दाबून ओतलेलं. जस्ताचे दाते खुंटीच्या पोलादापुढे टिकत नाहीत, काच जड चालत असेल तर मुळीच नाही. त्यामुळे नवं हँडल बसवण्याआधी काच ज्यांतून सरकते ती दोन्ही बाजूंची फेल्टची चॅनल स्वच्छ करा, फाटली असतील तर बदला, आणि मशीनला ग्रीस लावा. फेल्टवर तेल ओतू नका, धूळ धरून लगदा होतो. हे केलं नाही तर नवं हँडलही जुन्याच्या वाटेने जाईल.

शोधायचं कुठे? आधी नाना पेठ, मग बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार. जुन्या बाजारात सगळंच 'ओरिजिनल' असतं, तेव्हा नमुना खिशात ठेवून जा आणि विक्रेत्यासमोर भोक मोजा. लाजू नका, तोही लाजत नाही. काळ्या प्लॅस्टिकचं हँडल मिळालं तर गाडी रोजची असल्यास खुशाल लावा.

मिळालंच नाही तर पितळेत ओतून घेता येतं, पण ओतीव पितळ थंड होताना दीड-दोन टक्के आकसतं. जुन्या हँडलवरून सरळ साचा काढला तर भोक लहान येतं. म्हणून भोक बुजवलेलं हँडल ओतून घ्या आणि दात्यांचं पोलादी बुश, म्हणजे छोटी नळी, वेगळं करून त्यात बसवा. जस्ताच्या हँडलला पुन्हा क्रोम करायचं असेल तर प्लेटिंगवाल्याला धातू आधी सांगा. पितळेसारखं आम्लात टाकलं तर ते खाल्लं जाईल.

स्क्रूंच्या बाबतीत एक सावधगिरी. फियाटचे आटे मेट्रिक, अँबेसिडरसारख्या ब्रिटिश वंशाच्या गाडीचे इंची. एम 5 या मेट्रिक स्क्रूच्या दोन आट्यांतलं अंतर, म्हणजे पिच, 0.8 मिलिमीटर, 10-32 यूएनएफ या इंची स्क्रूचं 0.794, 2 बीए या जुन्या ब्रिटिश मापाच्या स्क्रूचं 0.81. पिच मोजायचं गेज लावून यांतला फरक कळत नाही, व्यास मोजला तरच कळतो: 5.0, 4.83 आणि 4.7 मिलिमीटर. बारीक स्क्रू एम 5च्या भोकात सहज जातो आणि आवळताना आटे घेऊन बाहेर येतो. स्क्रू घ्यायला बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत जाताना व्हर्नियर घेऊनच जा.

चकतीचं सोपं आहे: मधलं भोक आणि बाहेरचा व्यास जुळला की पुरे. फक्त मागे स्प्रिंग असेल तर ती जपा, हँडलचा खडखड आवाज तीच थांबवते.