फोंतव्रोच्या मठाचा तुरुंग केला, मग आता तिथे पाहण्यासारखं काय उरलंय?

तुम्ही विचारलंय की नेपोलियनने फ्रान्समधल्या फोंतव्रोच्या ख्रिस्ती मठाचा तुरुंग करून त्याची वाट लावली, मग लुआर नदीकाठचे राजवाडे सोडून तिकडे एक दिवस घालवावा का. जरूर घालवा. वाट लागली हे खरंच आहे, पण मठ आज उभा आहे तोही बऱ्याच अंशी त्या तुरुंगामुळेच.

मी तूर शहरात राहते. भारतातून कुणी आलं की शनोंसोचा राजवाडा दाखवून झाल्यावर मी पाहुण्यांना हमखास फोंतव्रोला नेते, त्यामुळे माझ्या चारपाच फेऱ्या झाल्यात.

आधी क्लूनीचं काय झालं ते सांगते, म्हणजे मुद्दा लक्षात येईल. फ्रान्समधल्याच बर्गंडी प्रांतातल्या क्लूनीच्या मठाचं चर्च १८७ मीटर लांब होतं. रोमचं आत्ताचं सेंट पीटर्स बांधून होईपर्यंत ख्रिस्ती जगात त्याहून मोठं चर्च नव्हतं. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चची मालमत्ता सरकारजमा झाली, १७९८मध्ये क्लूनी विकलं गेलं आणि घेणाऱ्यांनी त्याची चक्क दगडाची खाण केली. पंचवीसएक वर्षं पाडापाडी चालली. आज तिथे उभं राहून चर्च डोळ्यांपुढे आणावं लागतं. फोंतव्रोच्या नन्सनाही १७९२मध्ये बाहेर पडावं लागलं, सामानसुमानाची लूट झाली, पण १८०४मध्ये नेपोलियनने तिथे तुरुंग करायचा आदेश काढला. उंच कुंपण, जाड भिंती, शेकडो माणसं झोपतील एवढ्या खोल्या, सगळं आयतंच होतं. सरकारला इमारत हवी होती म्हणून ती राहिली, इतका रोकडा हिशोब.

आता हा मठ मुळात काय होता? ११०१मध्ये रोबेर दार्ब्रिसेल नावाच्या फिरत्या प्रवचनकाराने तो स्थापन केला. त्याच्या मागे गावोगाव माणसांचा तांडा असे. त्यात सरदारघराण्यातल्या विधवा होत्या, वेश्याव्यवसाय सोडून आलेल्या बायका होत्या, महारोगी होते, पुरुषही होते. धर्माधिकाऱ्यांना हे भटकणं पसंत नव्हतं, तेव्हा त्याने सगळ्यांना एका जागी बसवलं. एकाच आवारात वेगवेगळे वाडे केले: नन्सचा मोठा मठ, पश्चात्ताप करणाऱ्या बायकांचा माग्दालेनचा, पुरुषांचा सें-जांचा आणि महारोग्यांचा सें-लाझारचा. आणि या सगळ्यांवर, पुरुषांवरसुद्धा, अधिकार बाईचा! क्रुसावरून येशूने आपल्या आईला योहानाच्या हवाली केलं, तसं इथल्या पुरुषांनी बायकांच्या सेवेत राहायचं, अशी त्यामागची कल्पना. १११५मध्ये पेत्रोनिल द शमिये पहिली मठाधिपती झाली. ती विधवा होती. जग पाहिलेली बाईच कारभार सांभाळू शकेल असं रोबेरचं मत होतं, आणि मला ते अगदी पटतं.

तेव्हापासून राज्यक्रांतीपर्यंत ३६ मठाधिपती झाल्या. पुढे पुढे त्या थेट राजघराण्यातल्या असत, त्यामुळे मठाला पैसा कमी पडला नाही. पंधराव्या लुईने आपल्या चार धाकट्या मुली १७३८मध्ये शिकायला इथेच पाठवल्या. या बायकांचा रुबाब बघायचा असेल तर सभागृहातली सोळाव्या शतकातली भित्तिचित्रं जवळ जाऊन बघा. येशूच्या अखेरच्या दिवसांचे प्रसंग आहेत, आणि कडेला काळ्यापांढऱ्या वेशात गुडघे टेकून बसलेल्या मठाधिपती. काही तर नंतर हौसेने रंगवून घातलेल्या आहेत. आपल्याकडे सत्कार समारंभाच्या फोटोत कडेने कुणीतरी घुसतं ना, तसंच.

बहुतेक लोक येतात ते चर्चमधल्या चार पुतळ्यांसाठी. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री, त्याची राणी एलिनॉर, मुलगा रिचर्ड (तोच तो सिंहहृदयी) आणि सून इझाबेल. हेन्री ११८९मध्ये जवळच शिनोंच्या किल्ल्यात वारला, म्हणून इथे आणला गेला. रिचर्डचं धड इथे आणि काळीज रूआं शहरात पुरलं. तिघं जण दगडाचे, इझाबेल लाकडाची आणि जरा लहान. राजे डोळे मिटून पडलेत, एलिनॉर मात्र हातात उघडं पुस्तक धरून आहे. नवऱ्याने तिला पंधराएक वर्षं कैदेत ठेवलं होतं, आणि आता आठशे वर्षं त्याच्या शेजारी आडवी होऊन ती त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. हाडं मात्र खाली नाहीत, ती राज्यक्रांतीतच नाहीशी झाली. नंतर इंग्लंडने हे पुतळे मागितले, तिसरा नेपोलियन द्यायला तयारही झाला होता, पण फ्रान्समध्येच आरडाओरडा झाला आणि ते राहिले.

याच चर्चचे तुरुंगाने सर्वात जास्त हाल केले. आत मजले घालून कैद्यांची झोपायची सोय केली, वरचे घुमट उतरवले. आज दिसतात त्यातले बरेचसे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा चढवलेले आहेत. फ्रान्समधल्या सर्वांत कडक तुरुंगांत फोंतव्रोचं नाव होतं. गंमत म्हणजे १८४०मध्ये ऐतिहासिक वास्तूंची पहिली सरकारी यादी झाली त्यात मठाचं नाव आलं, तरी कैदी पुढे शंभराहून जास्त वर्षं तिथेच होते. तुरुंग १९६३मध्ये बंद झाला, पण डागडुजीच्या कामासाठी ठेवलेले शेवटचे काही कैदी १९८५ला गेले.

स्वयंपाकघर चुकवू नका. बाराव्या शतकातली अष्टकोनी इमारत, माशाच्या खवल्यांसारखं दगडी छप्पर आणि त्यावर धुरांड्यांची गर्दी. लोकांना हे स्वयंपाकघर वाटेचना, म्हणून एव्रो नावाचा दरोडेखोर वर दिवा लावून वाटसरूंना फसवायचा अशी दंतकथा पसरली होती. माझ्या सासूबाई आत शिरल्या, मान वर करून एकेका चुलीच्या कोनाड्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "अगं, प्रत्येक चुलीला वेगळं धुरांडं आहे. काजळी खाली पडणार नाही, डोळेही चुरचुरणार नाहीत." त्यांनी कोकणात चुलीवर निम्मं आयुष्य काढलंय, त्यामुळे गाइडपेक्षा त्यांचं ऐकून मला जास्त कळलं. फक्त एक सांगते, वरची टोकदार धुरांडी बरीचशी लुसियें मान्य या वास्तुतज्ज्ञाने शंभरएक वर्षांपूर्वी दुरुस्तीत घातलेली आहेत. फोटोत तीच सुंदर दिसतात, पण ती सगळी बाराव्या शतकातली समजू नका.

तुमच्याकडे किती वेळ आहे ते लिहिलं नाहीत. निवांत बघायला तीनचार तास तरी ठेवा. सोम्यूर स्टेशनवरून साधारण पंधरा किलोमीटर आहे, गाडी असेल तर उत्तम. सकाळी लवकर गेलात तर चर्चमध्ये तुम्ही आणि ते चौघंच असता. मुक्काम करायचा असेल तर महारोग्यांच्या सें-लाझारमध्ये आता हॉटेल आहे. सासूबाईंना हे मी दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता झाल्यावर सांगितलं.