बरसीमच्या मुळांवरच्या गाठी: नत्राच्या की सूत्रकृमीच्या?

सांवेर तालुक्यातले एक पशुपालक विचारतात: "गोठ्यामागच्या अर्ध्या एकरातली बरसीम (हिरव्या चाऱ्याचं पीक) दुसऱ्या कापणीनंतर जागोजागी पिवळी पडून खुजी राहते. खतपाणी वेळेवर आहे. मुळांना गाठी दिसतात, पण शेजारी म्हणतात गाठी चांगल्या. दुकानदार फोरेट हे कीटकनाशक टाका म्हणतो. काय करू?"

भाऊ, फोरेट आधी मनातून काढा. 2020 अखेरपासून त्यावर देशात बंदी आहे, आणि हा चारा तुमच्या म्हशीच्या पोटात जाणार आहे.

शेजाऱ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. खुरप्यानं एक पिवळं आणि एक हिरवं रोप मातीसकट उचला, उपटू नका, बादलीत हलक्या हातानं धुवा. नत्राची गाठ, म्हणजे हवेतला नत्र पिकाला देणाऱ्या जिवाणूंची गाठ, मुळाच्या कडेला मण्यासारखी चिकटलेली असते. नखानं सहज सुटते, फोडली तर आत गुलाबी असते. सूत्रकृमी म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, मुळात शिरणारे बारीक कृमी. त्यांची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं. ओढली तर मूळ तुटतं, गाठ सुटत नाही. आत बसलेली मादी एका वेळी शेकडो अंडी घालते, उबदार मातीत महिनाभरात नवी पिढी तयार होते. म्हणून पिवळा पट्टा दर वर्षी रुंदावतो.

मातीतले सगळेच सूत्रकृमी पिकाचे वैरी नसतात. त्यांतले कितीतरी नुसते जिवाणूंना खाऊन जगतात. म्हणून तपासणी करूनच पुढे जा. पट्ट्याच्या कडेच्या 10-12 जागांहून 15-20 सेंमी खोलीची ओलसर माती मुळांसकट घ्या. खताचा डोस ठरवायच्या माती-तपासणीसारखी ती वाळवू नका, पिशवी उन्हात ठेवू नका. सूत्रकृमी जिवंत पोचले तरच मोजता येतात. ही तपासणी कुठे होते, ते इंदूरच्या कृषी महाविद्यालयात आधी विचारून घ्या.

शेवटची कापणी झाली की एप्रिल-मेमध्ये 10-15 दिवसांच्या अंतरानं दोन-तीनदा खोल नांगरट करा. माळव्याचं ऊन इथे फुकटचं औषध आहे. खरिपात त्या तुकड्यात झेंडू दाट लावा. दसरा-दिवाळीला फुलं विकली जातील आणि त्याच्या मुळांतून सुटणारं द्रव्य सूत्रकृमींना मारक ठरतं. टोमॅटो, वांगी, भेंडी तिथे नकोच, त्यांच्या मुळांतही हे सूत्रकृमी वाढतात. पुढच्या रब्बीत बरसीमऐवजी जई (ओट) घ्या, पेरणीआधी 2 क्विंटल निंबोळी पेंड शेणखतात मिसळून टाका.

आणि नांगर तिथून थेट लसणाच्या शेतात नेऊ नका, मातीबरोबर सूत्रकृमीही जातात. फाळाला चिकटलेली काळी माती त्याच तुकड्यात धुऊन काढा.