आकडा कुठून आला, ते विचार

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

नेट परीक्षेचा निकाल कळला, फार आनंद झाला. आता पीएच.डी.साठी लॅब निवडायची आहे आणि तुझं मन दोन ठिकाणी अडकलंय. पाषाणला एका प्रथिनाची रचना उलगडायची, की रुग्णालयाला जोडलेल्या लॅबमध्ये माणसांच्या रक्तावर काम करायचं? मला विचारतेस तर रुग्णालयाच्या लॅबमध्ये जा. तिथलं काम कसं असतं ते नीट सांगते, कारण अभ्यासक्रमातून त्याची कल्पना येत नाही.

एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला सॅम्पल टेबलावर तयार मिळायचं. इथे मात्र नळी तुझ्या हातात पडेपर्यंत बरीच बायोकेमिस्ट्री घडून गेलेली असते. रक्त शिरेतून बाहेर आलं तरी पेशी जिवंतच असतात. तांबड्या पेशी ग्लुकोज वापरत राहतात. रक्त तसंच खोलीत ठेवलं तर ग्लुकोज तासाला साधारण ५ ते ७ टक्के उतरतं. त्याच पेशी होमोसिस्टीन नावाचं अमिनो आम्ल बाहेर सोडत राहतात, म्हणून ते चढत जातं. करड्या टोपणाच्या नळीत फ्लोराइड असतं, ते इनोलेज या एन्झाइमला अडवतं, हे तुला पाठ आहे. पण इनोलेज ही ग्लायकॉलिसिसची, म्हणजे ग्लुकोज मोडण्याच्या साखळीची, नववी पायरी. वरच्या पायऱ्या काही काळ चालूच राहतात, त्यामुळे पहिला तास-दोन तास ग्लुकोज घसरतच असतं. जांभळ्या टोपणाच्या नळीतलं थोडं रक्त दुसऱ्या नळीत गेलं, की त्यातल्या ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे कॅल्शियम खोटं कमी आणि पोटॅशियम खोटं जास्त दिसतं. यंत्र यातलं काही सांगत नाही. ते दोन दशांश स्थळांपर्यंत स्वच्छ आकडा छापून देतं.

मे महिन्यात पुण्याजवळच्या एखाद्या गावात सकाळी रक्त काढलं, तर बर्फ किती वेळ टिकला, सेंट्रिफ्यूज कुठे होतं, नळीवर वेळ कोणी लिहिली, हे सगळं तुझ्या प्रबंधाचा भाग आहे. म्हणून पहिले काही महिने रक्त काढणाऱ्या टेक्निशियनच्या बरोबर राहा. त्यांना जे ठाऊक असतं ते शोधनिबंधातल्या पद्धतींच्या परिच्छेदात कधी येत नाही.

याचं मोल किती, ते आपल्याच शहरातल्या एका कामावरून बघ. पुण्यातल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. आपल्या शरीरात बी१२ या जीवनसत्त्वावर चालणारी एन्झाइम्स दोनच. एक होमोसिस्टीनचं मेथिओनिन करतं, दुसरं मिथाइलमॅलोनिल-कोए या रेणूला पुढच्या पायरीवर ढकलतं. बी१२ अपुरं पडलं की होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलोनिक ॲसिड रक्तात साठतात. त्यातलं होमोसिस्टीन फॉलेट या दुसऱ्या ब जीवनसत्त्वावरही अवलंबून असतं, मिथाइलमॅलोनिक ॲसिड नसतं. म्हणून दोन्ही मोजावी लागतात. २००८ मध्ये त्यांनी जे छापलं त्यात सुमारे दोन तृतीयांश आयांचं बी१२ कमी होतं, ९० टक्के जणींचं मिथाइलमॅलोनिक ॲसिड वाढलेलं होतं, होमोसिस्टीन ३० टक्के जणींचं. तांबड्या पेशींतलं फॉलेट कमी असलेली आई एकच सापडली. आणि मुलं सहा वर्षांची झाल्यावर कळलं, की आईचं फॉलेट जास्त आणि बी१२ कमी अशी जोडी जिथे होती, तिथल्या मुलांत इन्शुलिनला होणारा विरोध सगळ्यांत जास्त होता. गरोदरपणात लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या वाटणाऱ्या देशासाठी ही केवढी महत्त्वाची गोष्ट! आता समज, त्या नळ्या उन्हात दोन तास पडून राहिल्या असत्या. त्या ३० टक्क्यांचे किती झाले असते, आणि त्यावरून आपण काय समजून बसलो असतो?

फॉलेटची कथाही अशाच गरोदर बायकांपासून सुरू होते, फक्त मुंबईतल्या. ल्युसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर १९२८ मध्ये तिथे आली, गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांचा ॲनिमिया तिने अभ्यासला आणि तो यीस्टच्या अर्काने बरा होतो हे १९३१ मध्ये दाखवून दिलं. अर्कातला रेणू ओळखायला पुढे दहा-एक वर्षं गेली.

विचित्र दिसणारं रीडिंग घाईने खोडू नकोस. फॉस्फेट मोजायला तू जी फिस्के-सुब्बाराव पद्धत वापरलीस, ती १९२५ ची. स्नायूंचा अर्क घेतला की निळा रंग नेहमीच्या वेळात पूर्ण उठेना, सावकाश वाढतच राही. दुसऱ्या कोणी ‘सॅम्पल खराब’ असा शेरा मारला असता. यल्लाप्रगडा सुब्बाराव आणि सायरस फिस्के त्या उशिराच्या मागे लागले आणि १९२७ मध्ये फॉस्फोक्रिएटिन हा स्नायूंतला ऊर्जा साठवणारा रेणू हाती आला. माझ्या मते बायोकेमिस्टचा कस इथे लागतो. पण विचित्र रीडिंगच्या मागे लागायचा हक्क ज्याचे ब्लँक (सॅम्पलशिवायची चाचणी) आणि कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेली चाचणी) चोख आहेत त्यालाच मिळतो. रोजची क्यूसी, म्हणजे गुणवत्तेची तपासणी, डळमळीत असेल तर विचित्र काय आणि चुकीचं काय, हे ओळखायचं कशावरून?

अडचणीही आहेत. महिना ३७ हजारांच्या फेलोशिपमध्ये पुण्यात खोली भाड्याने घेऊन राहणं ओढाताणीचं असतं. एथिक्स कमिटीची मंजुरी, किट यायला लागणारा वेळ, घरून लग्नाचं विचारणं, सगळं एकाच सुमारास येतं. याची तयारी ठेव, इतकंच म्हणते.

संमतिपत्राबद्दल मात्र ठामपणे सांगते. ते मराठीत, बाईला वाचून दाखवून, तिच्या शंका संपेपर्यंत बसून घ्यायचं. तिचा रिपोर्ट तिच्या घरी पोचला पाहिजे, आणि हिमोग्लोबिन ७ निघालं तर त्याच दिवशी. त्या सहा गावांतली मुलं आता तिशीच्या आसपास आहेत. इतकी वर्षं एखादं घर आपल्याला दार उघडतं, ते अशा वागण्यामुळे.

दोन्ही लॅब बघायला जाशील तेव्हा त्यांच्या शोधनिबंधांच्या नियतकालिकांचा इम्पॅक्ट फॅक्टर विचारू नकोस, तो घरबसल्या कळतो. उणे ऐंशी अंशांचा फ्रीजर उघडून दाखवा म्हण. त्याचं रजिस्टर बघ, वीज गेल्याच्या नोंदी आहेत का ते बघ. क्यूसीचा तक्ता माग आणि मर्यादेबाहेर गेलेल्या एखाद्या बिंदूवर बोट ठेवून विचार, ‘त्या दिवशी काय केलंत?’ उत्तर कोण देतं, किती मोकळेपणाने देतं, तेवढं मला लगेच फोन करून सांग. रुग्णालयाच्या लॅबमध्ये सकाळी साडेसातच्या आत पोच, कारण उपाशीपोटीची सॅम्पलं तेव्हा घेतात आणि तुला तीच बघायची आहेत.

तुझी,
मॅडम