स्ट्रायकर घेताना क्लबनं गोलचे आकडे बघावेत की खेळ? आर्सेनलला नेमका कसा नऊ नंबर लागतो?

प्रश्न वाचला आणि राहवलं नाही, कारण मी स्वतः कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉलमध्ये नऊ नंबर, म्हणजे सगळ्यात पुढचा स्ट्रायकर, खेळलोय आणि नुसत्या गोलच्या आकड्यावरून मला बाहेर बसवलं होतं.

तालमीचं, म्हणजे आमच्या टीमचं, नाव घेत नाही. मी उंच, अंगानं भरलेला, पळायला बेताचा. गोलीनं लांब किक मारली की बॉल छातीवर घ्यायचा, पाठीवर समोरच्या टीमचा बॅक (बचाव करणारा) चढलेलाच असायचा, त्याला तसाच अडवून धरायचं आणि दोन्ही बाजूंनी सुटलेल्या पोरांना बॉल सोडायचा, हे माझं काम. त्या सीझनला माझे गोल तीन आणि आमच्या उजव्या विंगरचे, म्हणजे कडेनं पळणाऱ्याचे, अकरा. त्यातले निम्मे तरी माझ्या पायातून गेलेत, पण गॅलरीतनं ओरडणार कुणाच्या नावानं? पुढच्या वर्षी तालमीतल्या मोठ्या मंडळींनी बाहेरचा एक पळणारा फॉरवर्ड आणला. माझा सख्खा मोठा भाऊ त्या बैठकीत होता आणि तोच म्हणाला, "नऊ नंबरनं गोल मारायचा, बाकीचं कौतुक सांगू नका." पहिल्याच मॅचला त्या पोरानं दोन मारले. मग समोरच्या टीम शहाण्या झाल्या, बॅक खाली ओढले, पळायला जागाच ठेवली नाही, आणि आमची प्रत्येक लांब किक परत आमच्याच अंगावर यायला लागली. अकरावाला विंगर त्या वर्षी चारावर थांबला. मी हे सगळं बेंचवरून बघितलंय.

२०१८ चा वर्ल्डकप दादा आणि मी एकत्र बघितला. फ्रान्सचा नऊ नंबर जिरू सातही मॅच खेळला, गोल शून्य, टार्गेटवर शॉटसुद्धा शून्य, आणि फ्रान्स चॅम्पियन. ग्रीझमन आणि एम्बापेचे चार-चार गोल. दादा म्हणाला नशीब. नशीब कसलं? सेंटर बॅक जिरूशी झुंजत राहिले म्हणून एम्बापेला पळायला रान मोकळं मिळालं. लिव्हरपूलनं तीस वर्षांनी इंग्लंडची लीग जिंकली त्या २०१९-२० ला त्यांचा नऊ नंबर फर्मिनोचे लीगमध्ये ९ गोल होते, विंगर सालाहचे १९, मानेचे १८. त्या वर्षी फर्मिनोला विकलं असतं का कुणी?

आता आर्सेनल, त्याच लीगमधला क्लब. २०२३-२४ ला लीगमध्ये ९१ गोल मारले, विंगर साका १६, हावर्ट्झ १३, आणि दोन पॉइंटनं लीग गेली. लगेच सगळे म्हणायला लागले, स्ट्रायकर नाही म्हणून गेली. ९१ गोल मारणाऱ्या टीमला गोल कमी पडले हे मला पटत नाही. पुढच्या वर्षी ६९ वर आले ते साका, हावर्ट्झ, जेझुस तिघंही महिनोन्‌महिने जखमी होते म्हणून. २०२५ ला स्ट्रायकर ग्योकेरेश आला तेव्हा पोर्तुगालच्या लीगमधले त्याचे ३९ गोल सगळ्यांनी तोंडपाठ केले, पण घ्यायचं कारण माझ्या मते वेगळं आहे, तो बॅकला खांद्यावर घेऊन पळतो. साकावर कायम दोघं असतात, त्यातला एक आपल्याकडे ओढेल असा माणूस आर्सेनलला लागतो.

हां, हे सगळ्या क्लबना लागू नाही. तुमचे विंगर नुसते क्रॉस टाकत असतील आणि स्वतः गोल मारत नसतील तर डी मध्ये, म्हणजे गोलसमोर, उभा राहून मारणाराच घ्या, तिथं माझ्यासारखा काय कामाचा. आणि दादा मँचेस्टर सिटीच्या स्ट्रायकर हालांडचं नाव काढतो ते पण सांगतो. पहिल्याच सीझनला लीगमध्ये ३६ गोल, तरी सिटीचे एकूण गोल ९९ वरून ९४ वर आले, पण युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग सिटीकडे पहिल्यांदा त्याच वर्षी आली, ते खरंय.

तुम्हाला खेळाडू बघायचाच असेल तर हायलाइट सोडा, पूर्ण नव्वद मिनिटं बघा, आणि बॉल लांब असताना समोरचे बॅक कुणाकडे बघतायत ते बघा. दादाला हे मी दर गणपतीत सांगतो, तो ऐकत नाही. आमचा तो विंगर मात्र अजून पेठेत भेटला की आधी हेच काढतो, "तुला बसवलं आणि माझे गोल आटले रे."