कोड खुला, ॲप विकत

सस्नेह नमस्कार,

कोड खुला ठेवून ॲपला किंमत लावली तर चालेल का, असं तू विचारलं आहेस. चालेल. खुल्या कोडचे नेहमीचे परवाने म्हणजे जीपीएल, एमआयटी आणि अपाचे. जीपीएल (त्याखालचा कोड पुढे वाटताना त्याच अटींवर खुला ठेवावा लागतो) विक्रीला आडकाठी करत नाही, एमआयटी आणि अपाचेही करत नाहीत. फक्त ‘विकण्याचा हक्क माझ्या एकट्याचा’ असं कलम परवान्यात घालता येणार नाही. घातलंस की तो परवाना ओपन सोर्स उरतच नाही. आज तुझं ॲप विकत घेणारा उद्या ते फुकट वाटू शकतो, आणि त्याबद्दल तुला तक्रार करता येणार नाही. हे मनाला पटत नसेल तर कोड बंद ठेव, त्यात कमीपणा काही नाही.

मग लोक पैसे का देतात? कॉन्व्हर्सेशन्स हे चॅटचं ॲप किंवा कॅलेंडर-संपर्क सिंक करणारं डेव्हएक्स५ बघ. दोन्ही जीपीएलखाली, एफ-ड्रॉइड या खुल्या कोडच्या ॲप्सच्या स्टोअरवर फुकट आणि गूगल प्लेवर विकत. प्लेवरचं गिऱ्हाईक तयार बिल्ड (कोडपासून बनवलेलं, फोनवर टाकता येणारं ॲप), आपोआप येणारे अपडेट आणि काम चालू राहील या भरवशाचे पैसे मोजतं. एफ-ड्रॉइडमुळे विक्री बुडते, ही भीती मला अतिशयोक्त वाटते. तिथे जाणारी माणसं बहुधा प्लेवर खरेदी करणारी नसतातच.

तुझी बाकीची चिंता किमतीच्या आकड्याची आहे. तो नंतर बदलता येतो, त्यावर झोप घालवू नकोस. जे नंतर फिरवता येत नाही किंवा फिरवताना जीव मेटाकुटीला येतो, ते आधी ठरव.

त्यात पहिला नंबर कॉपीराइटचा. सगळा कोड तुझा एकट्याचा असेपर्यंत तू मालक आहेस. स्वतःच्याच जीपीएलचं बंधन तुला नाही, ॲपलच्या ॲप स्टोअरवर खुशाल ठेव. पण बाहेरच्या कुणाचा पॅच (कोडमध्ये सुचवलेला बदल) जीपीएलखाली आत आला, की तेवढ्या ओळींपुरता तूही परवान्याने बांधला जातोस. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरचं हेच झालं. 2010 मध्ये ते ॲप स्टोअरवर आलं. स्टोअरच्या अटी वापरावर बंधनं घालतात आणि जीपीएल वाढीव बंधनं चालवून घेत नाही, असं म्हणत व्हीएलसीच्याच एका डेव्हलपरने तक्रार केली आणि जानेवारी 2011 मध्ये ॲप काढलं गेलं. मग कोड लिहिणाऱ्यांना गाठून परवानग्या मिळवायच्या, परवाना बदलायचा, हे सगळं करून 2013 मध्ये ते परत आलं.

तुझ्यापुढे तीन वाटा आहेत. मोझिलाचा ओपन सोर्स परवाना एमपीएल 2.0 घेतलास तर हा पेच बराचसा टळतो. योगदानकर्त्यांकडून करार लिहून घेतलास तर पुढे परवाना बदलायची मोकळीक मिळते, पण एकतर्फी कागद पाहून चांगली माणसं मागे फिरतात. तिसरी वाट माझी: मी जीपीएल 3 च्या सातव्या कलमाखाली ‘ॲप स्टोअरवरून वितरणास परवानगी’ अशी जादा सूट पहिल्या दिवसापासून लिहून ठेवेन. येणारा पॅच मग त्याच अटींवर येतो. कमिटवर (नोंदवलेल्या बदलावर) नुसती ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची, म्हणजे ‘हा बदल द्यायचा मला हक्क आहे’ अशी, ओळ घेऊन भागत नाही, तिने परवाना बदलायचा हक्क मिळत नाही. आणि दुसऱ्याची जीपीएल लायब्ररी (तयार कोडचा संच) आत असेल तर तिला तुझी सूट लागू होत नाही, हेही तपास.

दुसरं, प्लेवर एकदा फुकट ठेवलेलं ॲप पुन्हा विकतचं करता येत नाही. नवं पॅकेज नाव (स्टोअरमधली ॲपची ओळख) घेऊन शून्यापासून सुरुवात करावी लागते. ‘आधी फुकट, मग बघू’ हा बेत त्यामुळे सोडून दे. आधी किंमत घेऊन मगच डाउनलोड देण्यात आणखी एक सोय आहे: ॲपमध्ये बिलिंगची लायब्ररी लागत नाही. ती गूगलच्या मालकीची, बंद कोडची असल्याने एफ-ड्रॉइडला चालत नाही, आणि मग दोन वेगळे बिल्ड सांभाळत बसावं लागतं. देणगीची लिंकही प्लेच्या बिल्डमध्ये टाकताना जपून. 2019 मध्ये वायरगार्ड हे व्हीपीएन ॲप त्याच कारणाने प्लेवरून काही काळ काढलं गेलं होतं.

तिसरी साइनिंग की, म्हणजे ॲप कुणाकडून आलं हे दाखवणारी डिजिटल सही ज्या किल्लीने होते ती. एफ-ड्रॉइड सहसा स्वतः बिल्ड करून स्वतःच्या कीने सही करतं, त्यामुळे प्लेवरच्या प्रतीवर तिथला अपडेट बसत नाही. ॲप काढून पुन्हा टाकावं लागतं आणि डेटा जातो. बिल्ड जसंच्या तसं पुन्हा तयार होईल अशी व्यवस्था केलीस तर एफ-ड्रॉइड तुझ्याच सहीचं पॅकेज देऊ शकतं. त्यासाठी प्लेवर ॲप नोंदवतानाच गूगलने बनवलेली की न घेता स्वतःची दे. निदान डेटा एक्स्पोर्ट-इम्पोर्टची सोय तरी ठेव.

नाव आणि आयकॉन मात्र कोडच्या परवान्यात देऊन टाकू नकोस. फोर्क करणाऱ्याने (कोड घेऊन स्वतःची वेगळी आवृत्ती काढणाऱ्याने) नाव, आयकॉन आणि पॅकेज नाव बदलावं, असं कोडसोबतच्या रीडमी फाइलमध्ये स्पष्ट लिही. तुझंच ॲप जाहिराती भरून तुझ्याच नावाने कुणी प्लेवर चढवलं, तर तक्रारीला आधार नावाचाच असेल. त्याने परवान्याच्या अटी पाळल्या असतील तर कोड वापरल्याबद्दल बोलायला जागा नसते.

स्टोअरचं कमिशन दोन्हीकडे वर्षाला 10 लाख डॉलरपर्यंत 15 टक्के धरून चाल. त्या सवलतीसाठी दोन्हीकडे नोंदणी करावी लागते.

भाषांतराचा एक मोठा पॅच आलाय असं लिहिलं आहेस. भाषांतरालाही कॉपीराइट असतो. ती ॲप स्टोअरची सूट लायसन्स फाइलमध्ये घाल, पॅच पाठवणाऱ्याला ‘या अटी मान्य आहेत का’ विचार, लेखी होकार आला की मगच मर्ज कर, म्हणजे मूळ कोडमध्ये घे. मसुदा झाला की मला पाठव, वाचून कळवतो.