बोर्ड चालेल, रॅम नाही

प्रश्न: रायझन ५ ९६००एक्स प्रोसेसर घेतोय. जुनी डीडीआर४ रॅम बी६५० मदरबोर्डवर चालेल का?

उत्तर: नाही. बी६५० हा एएम५ सॉकेटचा (प्रोसेसर बसवायच्या जागेचा प्रकार) बोर्ड आहे आणि अशा बोर्डांना डीडीआर५ रॅमच लागते. डीडीआर४ची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे ती स्लॉटमध्ये बसतच नाही. जोर लावू नका. खरी मेख बायोसची, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरची आहे. बी६५० बोर्ड २०२२चे, हा प्रोसेसर २०२४चा. बोर्ड जुन्या साठ्यातला निघाला तर त्यातला जुना बायोस हा प्रोसेसर ओळखणार नाही; पंखे फिरतील, पण स्क्रीन काळीच राहील. म्हणून बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्डच घ्या. नव्या बायोसची फाइल असलेला एफएटी३२ फॉरमॅटचा पेनड्राइव्ह खूण केलेल्या यूएसबी पोर्टमध्ये लावून बायोस अपडेट होतो, प्रोसेसर बसवलेला नसला तरी. अपडेट चालू असताना बोर्डावरचा दिवा लुकलुकत असेपर्यंत वीज तोडू नका. आरजीबीच्या (रंगीत दिव्यांच्या) झगमगाटावर मात्र पैसे घालवू नयेत.